न मागता आलेलं एआय: तुम्ही कुठे आणि कसं बंद केलं?

प्रतापनगरकर · शनिवार, रात्री ९.४०

नागपुरातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये अठ्ठावीस घरं आहेत आणि तीन वर्षांपासून सचिवपद माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात अर्धी मंडळी बाहेरगावी असतात, म्हणून मे महिन्यातली बैठक आम्ही ऑनलाइन घेतो. यंदा विषय नेहमीचेच होते. बोअरची मोटर, लिफ्टचा देखभाल करार, दोन घरांची थकबाकी. कोरम व्हायला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंना मी विचारलं, "लेकीची तब्येत कशी आहे आता?" त्यांनी सांगितलं. आजाराचं नाव, पुढचे उपचार, घरची ओढाताण, सगळं. तेव्हा आम्ही पाच-सहा जणीच होतो, सगळ्या रोजच्या उठण्या-बसण्यातल्या.

बैठक संपली आणि अर्ध्या तासात सगळ्यांना एक मेल आला, 'बैठकीचा सारांश'. त्यातला पहिलाच मुद्दा काकूंच्या लेकीचा आजार. अठ्ठावीस घरांना तो गेला, शिवाय लिफ्टच्या ठेकेदारालाही गेला, कारण कराराच्या विषयापुरतं त्यालाही निमंत्रण होतं. चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी १५ जूनपर्यंत थकबाकी भरायचं कबूल केलं. ते फक्त "पाहतो, जमवतो" एवढंच म्हणाले होते.

नंतर कळलं की एका शेजाऱ्यांनी ऑफिससाठी नोंदी घेणारं एक एआय अ‍ॅप घेतलं होतं आणि त्याला कॅलेंडरची परवानगी दिली होती. कॅलेंडरमध्ये जी मीटिंग दिसेल तिथे ते आपणहून हजर होतं आणि निमंत्रितांच्या यादीतल्या सगळ्यांना सारांश पाठवून देतं. शेजाऱ्यांनाही हे ठाऊक नव्हतं, ते बिचारे घरोघरी जाऊन माफी मागून आले. मी काकूंकडे गेले तर त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुला सांगितलं होतं गं, अख्ख्या स्कीमला नाही." संध्याकाळी खाली बाकावर बसायला त्या अजून येत नाहीत.

त्या दिवसापासून मी रोज वापरायच्या एकेका साधनात शिरून पाहते आहे की मी न मागता तिथे काय सुरू करून ठेवलं आहे. सुरुवात जीमेलपासून केली. संगणकावर सेटिंग्ज, मग 'सी ऑल सेटिंग्ज', आणि 'जनरल'मध्ये खाली गेलं की 'स्मार्ट फीचर्स' दिसतं. त्यावरची खूण काढली. त्याच्याच खाली गूगल वर्कस्पेसच्या स्मार्ट फीचर्सची वेगळी सेटिंग आहे, तीही बंद करावी लागते. एक गोष्ट आधी सांगून ठेवते: हे बंद केलं की 'प्रायमरी', 'प्रमोशन्स', 'सोशल' हे कप्पेही जातात आणि सगळे मेल एकाच ढिगात येतात. कप्पे काही एआयच्या लाटेत आलेले नाहीत, कितीतरी वर्षांपासून आहेत. तरी नको असलेलं आणि हवं असलेलं एकाच खुणेला बांधून ठेवलं आहे.

याच सेटिंगबद्दल गूगलच्याच मदतीच्या पानावर वाचलं की युरोपीय देश, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये ती मुळात बंद असते, ज्याला हवी तो सुरू करतो. म्हणजे आधी विचारणं त्यांना जमतं. मग आपल्याला का विचारत नाहीत?

तुम्ही काय काय बंद केलं, ते लिहा. मी वहीत उतरवून घेणार आहे आणि स्कीममधल्या ज्येष्ठांना फोनवर करून देणार आहे.

मिहानवाला · शनिवार, रात्री १०.२५

आधी बैठकीचं सांगतो, ते तातडीचं आहे. मीटिंग कोणत्याही अ‍ॅपवर असो, वेटिंग रूम चालू ठेवा आणि अनोळखी नावाला आत घेऊ नका. आत आलंच तर यजमान त्याला काढू शकतो. त्या शेजाऱ्यांनी नुसतं अ‍ॅप डिलीट करून भागत नाही, कारण परवानगी फोनमध्ये नसते, खात्यात असते. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी'मध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी असते, तिथून त्याचा प्रवेश काढा. यादी उघडलीच आहे तर बाकीचीही नावं पाहा. ऑफिसात एका सहकाऱ्याच्या यादीत सतरा निघाली.

आता शोध. गूगलने भारतात ऑगस्ट २०२४ पासून निकालांच्या डोक्यावर एआयचा सारांश द्यायला सुरुवात केली. तो कायमचा बंद करायचं बटण नाही. पण शोधपट्टीखाली जिथे 'इमेजेस', 'न्यूज' असतं तिथेच 'वेब' नावाची चाळणी आहे, कधी 'मोर'मध्ये दडलेली असते. ती दाबली की फक्त संकेतस्थळांचे दुवे येतात. दर वेळी दाबायचा कंटाळा येत असेल तर शोधाच्या पत्त्याच्या शेवटी अँडचं चिन्ह (&), मग यू, डी, एम ही इंग्रजी छोटी अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजी आकड्यात १४ जोडलं की तेच पान उघडतं. संगणकावरच्या क्रोममध्ये 'मॅनेज सर्च इंजिन्स'मध्ये जाऊन हा पत्ता नवीन सर्च इंजिन म्हणून टाकायचा आणि 'मेक डिफॉल्ट' करायचं. मी घरच्या तिन्ही संगणकांवर केलं आहे. मोबाइलवरच्या क्रोममध्ये असा पत्ता हाताने टाकता येत नाही, फायरफॉक्समध्ये येतो. डकडकगोमध्ये तर सेटिंग्जमध्येच एआयची उत्तरं 'नेव्हर' करता येतात.

काटोल_बगीचा · रविवार, सकाळी ७.१०

ताई, तुमच्या काकूचं वाचून भल्लं वाईट वाटलं. मी काटोलकडचा, दीडशे झाडं हायेत संत्र्याची. मले संगणक येत नाई, फोन येते.

मांगच्या साली चार झाडाईले डिंक्या लागला. फोनले बोलून इचारलं, बोर्डोचं, म्हंजे बुरशीच्या औषधाचं, प्रमाण सांग. त्यानं एक किलो मोरचूद, एक किलो चुना आन् दहा लिटर पाणी सांगतलं, फवारा म्हनून. आता आमच्या बाबाच्या टायमापासून मले ठाऊक, फवाऱ्याले शंभर लिटर पाणी लागते. दहा लिटरचं ते मलम, बुंध्याले लावाचं. दोन्ही एकात कालवून देलं त्यानं. मी जाणता होतो म्हनून वाचलो. माह्या पोट्ट्यानं फवारलं असतं तर पालाच जळून गेला असता.

मंग मी अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संस्थेतून इचारून आलो, तिथले लोक कागदावर लिहून देतात. आता माहा प्रश्न असा हाय का, फोनचं बाजूचं बटण दाबलं का तेच एआय उघडते. फोन बंद कराचा असला तरी उघडते. ते कसं काढाचं?

मिहानवाला · रविवार, सकाळी ८.०५

भाऊ, सेटिंग्जमध्ये वरच्या शोधात 'पॉवर बटण' किंवा 'साइड बटण' टाका. सॅमसंगवर ते 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये असतं, बाकी बऱ्याच अँड्रॉइडवर 'सिस्टिम' आणि मग 'जेश्चर्स'मध्ये. 'दाबून धरल्यावर' याच्यासमोर 'पॉवर ऑफ मेन्यू' निवडा, झालं.

जेमिनी, म्हणजे गूगलचं एआय, वापरत नसाल तर त्याच्या अ‍ॅपमध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्हिटी साठवणंही बंद करा. मात्र ती बंद केल्यावरही बोलणं ७२ तासांपर्यंत त्यांच्याकडे राहतं, हे गूगलनेच लिहिलेलं आहे.

इतवारी_खातेवही · रविवार, दुपारी १२.३०

मी करसल्लागार. गांधीबागेच्या मागे छोटं ऑफिस आहे, चार संगणक, तीन मुलं कामाला. लोक आमच्याकडे पॅन, बँकेची खाती, घराचे व्यवहार, घटस्फोटाच्या पोटगीचे आकडे विश्वासाने ठेवून जातात. त्यामुळे माझ्याकडे ही सोयीगैरसोयीची गोष्टच नाही.

गेल्या वर्षी पीडीएफ उघडताच वर पट्टी यायला लागली, "हा दस्तऐवज मोठा दिसतो, सारांश देऊ का?" एका मुलाने कुतूहलापोटी दाबलं. ग्राहकाचा मूल्यांकनाचा कागद कुठल्या सर्व्हरवर गेला, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच संध्याकाळी चारही संगणक घेऊन बसलो.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये 'प्रेफरन्सेस', त्यात 'जनरेटिव्ह एआय', तिथली खूण काढा. वर्ड आणि एक्सेलमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कोपायलट' (मायक्रोसॉफ्टचं एआय), आणि 'एनेबल कोपायलट'ची खूण काढा. ही सेटिंग प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी आणि प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागते. वर्डमध्ये काढली म्हणून एक्सेलमधून जात नाही. विंडोज ११ मधलं कोपायलट अ‍ॅप स्टार्ट मेन्यूत उजवी क्लिक करून सरळ अनइन्स्टॉल होतं. नोटपॅडच्या सेटिंग्जमध्येही आता एआयचं बटण आहे, ते बंद करा.

पैशाचंही पाहा. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये घरगुती ३६५ योजनांमध्ये कोपायलट घातलं आणि दर वाढवले. जुन्या ग्राहकांसाठी कोपायलटशिवायची 'क्लासिक' योजना होती, पण ती दिसायची वर्गणी रद्द करायला निघालात तरच. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने यावरूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. नूतनीकरणाचा मेल आला की आधी 'कॅन्सल'च्या पानावर जाऊन काय काय दाखवतात ते पाहा, मग पैसे भरा.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्यातली. ऑक्टोबर २०२५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने त्यात आधाराला दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालय म्हणालं की एआयने दिलेला मजकूर तपासून न घेता वापरता येणार नाही. ती बातमी मी छापून ऑफिसच्या भिंतीवर लावली आहे. मुलांना सांगून ठेवलंय, निवाडा उघडून स्वतः वाचला नसेल तर उत्तरात लिहायचा नाही.

एका_कानाने · रविवार, दुपारी २.१५

थोडं वेगळं म्हणायचं आहे. मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, उजव्याने थोडं येतं. फोनवर बोलण्याची अक्षरं उमटवणारी लाइव्ह कॅप्शनची सोय आली तेव्हा बारा वर्षांनंतर मी नातेवाइकांच्या ऑनलाइन भेटीत पूर्ण वेळ बसले. तेही एआयच आहे. या धाग्यातून 'सगळं बंद' अशी यादी घेऊन कोणी आपल्या घरच्या ज्येष्ठांचा फोन हातात घेतला, तर माझ्यासारख्या एखादीचं ऐकणंच बंद होईल. बंद करण्याआधी त्यांना विचारा.

प्रतापनगरकर · रविवार, दुपारी ३.००

ताई, बरं झालं लिहिलंत. मी यादी घेऊन घरोघरी निघालेच होते आणि कोणाला विचारायचं माझ्या डोक्यात नव्हतं. आता वहीत पहिल्या ओळीत तेच लिहिलं आहे.

शाळेतल्या_बाई · रविवार, सायंकाळी ६.४५

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक संदेश सारखा फिरतो: "अमुक सेटिंग सुरू करा, नाहीतर एआय तुमचे सगळे ग्रुप वाचेल." हे खरं नाही. आपापसातले संदेश एन्क्रिप्टेड असतात, मेटा एआयला ते आपोआप दिसत नाहीत. मात्र त्याला उद्देशून लिहिलेलं किंवा ग्रुपमध्ये कोणी त्याला टॅग करून विचारलेलं त्याच्याकडे जातं. १६ डिसेंबर २०२५ पासून अशा एआय संवादांचा उपयोग मेटा जाहिराती दाखवण्यासाठीही करते.

ज्या सेटिंगबद्दल अफवा आहे ती खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी', एप्रिल २०२५ मध्ये आली. ग्रुपच्या नावावर दाबलं की खाली दिसते. ती सुरू केली की त्या चॅटमध्ये एआयला बोलावता येत नाही, चॅट बाहेर एक्स्पोर्ट होत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र कोणीही काढू शकतं. पालकांच्या ग्रुपवर मुलांचे फोटो जातात, म्हणून मी ती आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सुरू केली. प्रत्येक चॅटला वेगळी करावी लागते.

मेटा एआयचं ते निळं गोल चिन्ह जून २०२४ पासून आपल्याकडे आहे. त्याचं चॅट डिलीट किंवा अर्काइव्ह करता येतं, पूर्ण काढून टाकता येत नाही. वर शोधायला जाताना चुकून त्यालाच प्रश्न पाठवला जातो, तेवढं जपा. सातवीतल्या मुलांना मी हे एका तासात शिकवलं. घरी जाऊन त्यांनी आजी-आजोबांना दाखवलं.

गंज_आणि_सांबार · रविवार, रात्री ९.२०

माझी गोष्ट खाजगीपणाची नाही, भाषेची आहे. म्हणून लिहू की नको असा विचार करत दुपारभर बसले होते.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. उमरेडकडच्या गावातलं तिचं लहानपण ती सांगते आणि मी लिहून घेते. ती म्हणते, "माय गंजात पाणी तापवून राह्यली होती, अन् मी सांबार निवडून राह्यली होती." आपल्याकडे गंज म्हणजे पातेलं आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मी हे ज्या साधनात लिहीत होते त्याने एक दिवस न विचारता 'सुधारणा' सुचवायला सुरुवात केली. गंजाचं झालं 'गंजलेलं भांडं'. सांबाराचं झालं इडलीबरोबरचं सांबार, आणि 'निवडून' खटकल्यामुळे तिथे 'ढवळत' आलं. 'राह्यली होती' सगळीकडे 'होती' झालं. कोपऱ्यात 'सर्व स्वीकारा' असं बटण होतं. एका रात्री डोळे मिटत असताना मी ते दाबलं.

सकाळी आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे कोनाच्या मायचं हाय?"

अठरा पानं परत लिहावी लागली, कारण मूळ मी राखून ठेवलं नव्हतं. काही वाक्यं आईलाही पुन्हा तशी आठवली नाहीत. आता मी लिबरऑफिसमध्ये लिहिते. ते फुकट आहे, संगणकावरच चालतं आणि त्यात असं लिहून देणारं काही अंगभूत नाही. फोनच्या कीबोर्डवर 'टेक्स्ट करेक्शन'मध्ये जाऊन 'ऑटो करेक्शन' बंद केलं आहे. आईचा आवाज आधी साध्या रेकॉर्डरवर घेते आणि ती फाइल दोन ठिकाणी ठेवते.

प्रमाण मराठीशी माझं भांडण नाही, मी स्वतः तीच लिहिते. पण आईचं बोलणं चुकीचं आहे, हे ठरवायला मी कोणाला बोलावलं नव्हतं.

काटोल_बगीचा · रविवार, रात्री ९.५०

ताई, आमच्याकडं बी गंजच म्हंतात. तुमच्या मायनं सांगतलेलं छापून आलं तर मले पायजे.

सिव्हिल_लाइन्स · सोमवार, सकाळी ११.१०

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं लिहितो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीतून घेतलेली हवी. आधीच टिक करून ठेवलेली चौकट यात कशी बसेल, ते तुम्हीच पाहा. दिलेली संमती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं असायला हवं. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर स्वतःच खुणा काढत बसावं लागणार.

स्कीमच्या प्रकरणात शेजाऱ्यांवर या कायद्याने काही होणार नाही, कारण व्यक्तीचा घरगुती वापर त्यातून वगळला आहे. त्यापेक्षा सभेत ठराव करून घ्या: सर्वांची संमती असल्याशिवाय ध्वनिमुद्रण नाही, आपोआप नोंदी नाहीत, इतिवृत्त सचिवच लिहिणार. तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत घाला.

लिंक्डइन वापरणाऱ्यांनी 'डेटा प्रायव्हसी'मध्ये 'जनरेटिव्ह एआय'ची खूण पाहून घ्यावी. ती आपल्याकडे आधीपासूनच सुरू असते.

मिहानवाला · सोमवार, दुपारी १.३०

एक राहिलं. २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी, जिओने जेमिनी आणि ओपनएआयने चॅटजीपीटी गो भारतात ठरावीक मुदतीसाठी फुकट द्यायला सुरुवात केली. घेतलं असेल तर मुदत कधी संपते ते लिहून ठेवा. नोंदणी करताना कार्ड किंवा यूपीआय जोडलं असेल तर यूपीआय अ‍ॅपच्या 'ऑटोपे'मध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, पाहा आणि नको असेल तर तिथूनच रद्द करा. चॅटजीपीटीत 'डेटा कंट्रोल्स'मध्ये 'इम्प्रूव्ह द मॉडेल' असं लिहिलेलं असतं, तेही बंद करता येतं.

प्रतापनगरकर · पुढचा रविवार, रात्री ८.१५

काल विशेष सभा घेतली, या वेळी खाली पार्किंगमध्ये, पंखा लावून. वकीलसाहेबांनी सुचवलेला ठराव जसाच्या तसा मंजूर झाला. तो मांडला त्याच शेजाऱ्यांनी. थकबाकीचा मुद्दा मी वहीत हाताने लिहिला, तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना वाचून दाखवला आणि त्यांची सही घेतली. चुकीचा सारांश मागे घेतल्याचा मेल सगळ्यांना आणि ठेकेदाराला पाठवला. तो मात्र पोचलेलं परत आणू शकत नाही.

काकू सभेला आल्या नाहीत. आज दुपारी त्यांनी मला वर बोलावलं आणि फोन पुढे केला, "माझ्याही फोनमधलं पाहून दे." त्या ताईंचं लक्षात होतं म्हणून आधी विचारलं की काय ठेवायचं, काय काढायचं. मराठीत बोलून टाइप करायचं त्यांना ठेवायचं होतं, बोटं दुखतात. बाकी सगळं काढलं. तासभर लागला.

आतापर्यंत नऊ फोन झाले. एका जुन्या फोनवर बाजूच्या बटणाची सेटिंग सापडत नाही, अँड्रॉइड १० आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा.

काटोल_बगीचा · पुढचा रविवार, रात्री ८.४०

ताई, माहं बटण पोट्ट्यानं करून देलं. निळं गोल तेवढं रायलं. बुधवारी कळमन्याले माल घेऊन येतो हाय, तिकून मोकळा झालो का तुमच्याकडं येऊ का? मेट्रोनं कुठं उतरू?

प्रतापनगरकर · पुढचा रविवार, रात्री ८.५५

या की भाऊ. सुभाषनगरला उतरून इथेच निरोप टाका, मी घ्यायला येते. आणि येताना फोन चार्ज करून आणा.